कोऱ्या बटणांचं मशीन

आमचं जुनं टायपिंगचं मशीन बंद पडलं तेव्हा मी विहिरीच्या वाटणीचा एक अर्ज मारत होते. 'अर्जदार यांचा हिस्सा' इथवर आले आणि कागद धरणारी वरची गाडी सरकायची थांबली. एकाच जागी अक्षरावर अक्षर बसू लागलं. डाव्या हाताने गाडी ढकलत आणि उजव्या हाताने बटणं दाबत मी कशाबशा दोन ओळी काढल्या. मग आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि गाडी दावं सुटलेल्या म्हशीसारखी एका बाजूला जाऊन पडली. स्टोव्हवर आमटी होती, ती उतरवली आणि मशीनसमोर तशीच बसून राहिले. अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

मशीन तसं यांचं होतं. साताऱ्यात तहसील कचेरीसमोर पत्र्याची एक शेड आहे. तिथे चार-पाच टायपिस्ट बसायचे, त्यातले आमचे हे एक. लग्नाच्या आधी त्यांनी टायपिंगचा क्लास केला, परीक्षा दिली, आणि त्याच क्लासमधलं एक वापरलेलं मशीन घेऊन शेडमध्ये बसले. त्यावर आमचा संसार झाला. पण पुढे त्यांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी चहाचा कप धरायची पंचाईत व्हायची. पेन्सिल धरता यायची, पण बटण दाबलं की कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि टायपिंग कमी करा म्हणाले. कमी केल्यावर खायचं काय, ते डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नव्हता.

मी चौथी शिकलेली. माहेर पलूसजवळच्या खेड्यातलं. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे पलूसला चालत जावं लागायचं, आणि घरी माझ्या पाठची तीन भावंडं सांभाळायची होती. वाचता यायचं, पण माणसांसमोर वाचायची लाज वाटायची. माणसांसमोर काहीही करायची लाजच वाटायची. लग्नात उखाणा घ्यायच्या वेळी मी इतका वेळ गप्प बसले की शेवटी नणंदेने माझ्या वतीने घेतला आणि मंडळी जेवायला बसली.

टायपिंग मी शिकले असं म्हणता येणार नाही. एकदा एक काम अगदीच अडलं, तेव्हा हे म्हणाले, "तू नुसतं मी सांगतो त्या अक्षरावर बोट ठेव." ते शेजारी बसून सांगत गेले आणि मी शोधत शोधत एका बोटाने दाबत गेले. सकाळी सुरू केलेला तो अर्ज दुपारच्या भाकरीपर्यंत पुरला. त्या मशीनवर बरीचशी अक्षरं अर्धीच असतात. पुढे काना मारला की ती पुरी होतात. ते मला फार आवडलं. पुढे एका बोटाची दोन झाली, दोनाची चार झाली, आणि करंगळ्याही आपोआप कामाला लागल्या.

मग तसाच रिवाज पडला. हे दिवसभर शेडमध्ये लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचे, पेन्सिलीने कच्चं लिहायचे आणि 'परवा या' म्हणायचे. मशीन घरी स्वयंपाकघरात, पाटावर. दुसऱ्या दिवशी कामाच्या मधेमधे मी मांडी घालून बसायची आणि कच्च्याचं पक्कं करायची. भाकरीचा तवा तापेपर्यंत चार ओळी, डाळ शिजेपर्यंत अर्धं पान. शेडमधल्यांना यांनी सांगून ठेवलं होतं की उन्हाने मशीनची रिबीन वाळते, म्हणून आपण घरीच मारतो. हे घरी नसतानाही मशीन वाजायचं, तर शेजारणींना वाटायचं मी शिलाई करते. एकीने ब्लाउजचं कापडसुद्धा आणून दिलं. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी तो ब्लाउज तीन दुपारी बसून हाताने शिवला.

कुणाला सांगू नकोस असं हे कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. शेडमध्ये त्यांचा मान होता, अर्ज लिहावा तर यांनीच असं लोक म्हणत. आणि मला तर कुणी माझ्याकडे बघू नये एवढंच हवं असायचं. दोघांचंही भागत होतं.

मशीन बंद पडल्यावर विहिरीचा अर्ज शेडमधल्या दुसऱ्या टायपिस्टकडून करून घ्यावा लागला. त्याने यांना विचारलं, "काय, रिबीन वाळली का?" हे घरी येऊन मला सांगताना हसले, पण जेवले कमी. घरी नऊ-दहा कच्चे अर्ज पडून होते. शेडच्या समोरच एकाने गाळा घेऊन नवीन कॉम्प्युटर मांडला होता. दोनदा 'परवा या' ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा रस्ता ओलांडून तिकडेच जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मशीनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. ते घरी आले. त्यांनी जमिनीवर पेपर अंथरला आणि मशीन उलटं केलं. आतून ज्वारीचं पीठ पडलं, मोहरीचे दहा-वीस दाणे पडले, एक लसणीचं साल पडलं. चाचांनी ते सगळं बघितलं, मग यांच्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाभी, मशीनला भाकरी खायला घालता काय?"

मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर चाचा यांना सांगत होते, "स्प्रिंग गेली हाय, दात पण झिजले. पार्ट यायचे बंद झाले, साहेब. सगळे आता कॉम्प्युटर घेत्यात. सांगलीत एक क्लासवाले हायत, त्यांनी मशीनं विकायला काढलीत. सस्त्यात मिळंल. जाऊन बघा." चहा पिऊन उठताना पुन्हा म्हणाले, "दोघं जावा. दोघं."

त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. तेवढ्यात बसेल असंच मशीन घ्यायचं, असं ठरवून आम्ही सांगलीची एसटी धरली. माझा धाकटा भाऊ माधवनगरला असतो, मागावर काम करतो. एक मुक्काम त्याच्याकडे करायचा होता.

क्लास वरच्या मजल्यावर होता. जिन्यातच आवाज ऐकू आला. वीस मशीनं एकदम वाजली की कसा आवाज होतो ते मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या एका मशीनचा आवाज मला घरातलाच वाटायचा, मिक्सरसारखा, मांजरासारखा. हा मात्र गावच्या जत्रेतला वाटला. लांब खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, बहुतेक मुली, थोडे मुलगे. पलीकडच्या भिंतीला कापड घालून झाकलेले कॉम्प्युटर. मी दारातच थांबले.

क्लासचे सर वयस्कर होते, पांढरा शर्ट, खिशाला लाल आणि निळं पेन. त्यांनी यांना बसवलं, चहा सांगितला आणि आधी कॉम्प्युटरच दाखवला. "चुकलं तर पुसता येतं. एकदा अर्ज लिहिला की नाव बदलून शंभर वेळा काढा." हे तसल्या गोष्टी लक्ष देऊन ऐकतात. मग सरांनी किंमत सांगितली आणि यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आम्हाला रोजच्या कामापुरतं पाहिजे," हे म्हणाले. "मशीनच दाखवा."

सरांनी दोन दाखवली. एक कचेरीत असतं तसलं मोठं, काळं, जड. दुसरं लहान, मुठीच्या पेटीतलं, पेटी बंद केली की पाहुण्यांची सूटकेस वाटावी असं. लहान मशीन यांनी उघडून बघितलं आणि बाजूला सारलं. "आमच्याकडं एका वेळी चार प्रती लागतात. ह्याचा ठोका कार्बनमधून खाली पोचणार नाही." मग ते मोठ्या मशीनसमोर खुर्चीवर बसले, दोन बोटांनी एक ओळ मारली. दुखलेलं चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी ओठ आवळलेले मला दारातून दिसले. बाकीच्यांना ते भाव पाडायला बघणारं गिऱ्हाईक वाटले असतील.

"बटणं हलकी आहेत," हे म्हणाले. मग मागे वळून मला डोळ्यांनीच विचारलं, कसं वाटतं?

माझं मशीनकडे लक्ष नव्हतं. जवळच्या टेबलावरच्या तीन मुलींनी बोटं थांबवून माझ्याकडे बघितलं होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत मान हलवली. झालं. मशीन पोत्यात बांधलं आणि आम्ही रिक्षाने माधवनगरला आलो.

भाऊ पाळीवर होता, त्याची पोरगी शाळेत. जेवण झाल्यावर हे नवी रिबीन आणि कार्बन आणायला परत सांगलीत गेले, वहिनी दळण घेऊन गिरणीत गेली. घरात मी आणि मशीन. मी पाट मांडला, मशीन त्यावर ठेवलं आणि मांडी घालून बसले.

बसल्याबसल्याच कळलं. जुनं मशीन बुटकं होतं. हे छातीपर्यंत आलं. बटणं गाठायला कोपर उचलावे लागत होते, भिंतीवरच्या फळीवर भाकरी थापल्यासारखं. शिफ्टचं बटण तर करंगळीने हलेचना. दोन बोटं लावली तर निम्मं गेलं आणि अक्षर अर्धं वर, अर्धं खाली उमटलं. टेबल-खुर्चीवर बसून, पुरुषाच्या हाताने आणि वरून दाबून बघितलेलं मशीन आम्ही विकत घेतलं होतं. आमच्या घरात टेबल नाही आणि मशीन चालवणारी पुरुष नाही, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. आणि मान मीच हलवली होती.

वहिनी पिठाचा डबा कमरेवर घेऊन दारात उभी होती. कधी आली कळलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमाला बी येतं व्हय हे?"

मी हात मागे घेतले. पण कागद मशीनमध्येच होता. वहिनीने डबा ठेवला, वाकून ती वेडीवाकडी ओळ वाचली आणि म्हणाली, "दाजींचं काम तुमीच करताय म्हना की." मी कागद मशीनमधून ओढून काढला. वहिनीला तेवढं पुरलं.

संध्याकाळी भाऊ आला, हे आले, पानं वाढली. वहिनीने आमटी वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. भावाचा घास हातातच राहिला.

"आक्का टायपिंग करती? आमची आक्का? जिला उखाणा घ्यायला जमला न्हाई ती?"

हे खाली मान घालून जेवत होते.

"दाजी, मग मशीन कुनी बघितलं?"

"मी बघितलं."

"आन् चालवनार कोन?"

यांनी आमटीची वाटी जवळ ओढली.

"आमच्यात माग घ्यायचा झाला," भाऊ म्हणाला, "तर मालक मागावर बसनाऱ्यालाच संगं नेतो. त्यो दोन हात कापड काढून बघतो. मग ठरतं. मालकानं एकट्यानं बघून आनला, तर कापड मालकालाच काढाय लागतं."

"गप बसा की," वहिनी म्हणाली. "जेवू द्या त्यास्नी."

"जेवू दे की. मी काय ताट वढलं का?"

हे हसले. घास संपवून म्हणाले, "सकाळी परत जाऊ. बदलून मागू." मग माझ्याकडे न बघता, "तिथं बसशील का तू? सगळ्यांच्यात?"

मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिले.

"नसलं जमत तर राहू दे. हेच नेऊ. मी मारीन जमंल तसं."

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात म्हटलं. मी त्यांच्या ताटाकडे बघितलं. भाकरी बोटांनी मोडत नव्हती म्हणून ते ती तळव्याने दाबून तुकडे करत होते. वहिनीच्याही ते लक्षात आलं. तिने काही न बोलता पुढची भाकरी ताटलीत कुस्करून, आमटी घालून त्यांच्यापुढे सरकवली, जणू सगळ्यांनाच तशी वाढत होती.

सकाळी परत तोच जिना, तोच आवाज. या वेळी मी दारात थांबले नाही, यांच्या मागे मागे टेबलापर्यंत गेले. सरांनी पोतं बघितलं आणि चष्मा काढला.

"काय झालं?"

"बटणं जड आहेत," हे म्हणाले.

"काल तर तुम्ही हलकी म्हणालात. मीच ऐकलं."

"म्हणालो खरं."

"मग एका रात्रीत जड झाली?"

जवळची एक मुलगी हसली. हे पोत्याच्या दोरीशी चाळा करत उभे होते. वीस वर्षं लोकांचं म्हणणं कागदावर उतरवून देणारा माणूस, त्याला स्वतःचं एक वाक्य सुचत नव्हतं. मी त्यांच्या शर्टाच्या पाठीकडे बघत होते. त्या पाठीमागे उभं राहून माझं सगळं आयुष्य बरं गेलं होतं.

"मला जड जातात," मी म्हणाले.

आवाज फार लहान निघाला असावा, कारण सरांनी कान पुढे केला. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना शब्द तेच होते, त्यामुळे जमलं.

"तुम्ही करता टायपिंग?"

"तीच करते," हे म्हणाले. "दोन वर्षं झाली. माझे हात चालत नाहीत." आणि त्यांनी दोन्ही हात सरांसमोर धरले, शाळेत मास्तरांना नखं दाखवतात तसे.

सरांनी हात बघितले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा, बाई. कोणतं बघायचं ते बघा."

"मी खाली बसते," मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. मग यांनीच सांगितलं की घरी मशीन पाटावर असतं. दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली, कोपऱ्यातली सतरंजी आणून भिंतीकडेला अंथरली. पाट तिथे कुठून असणार. सरांनी दोन जाड रजिस्टरं एकाला एक लावून ठेवली.

आधी लहान पेटीतलं मशीन घेतलं. बटणं फुलासारखी हलकी. मी एक ओळ मारली, मला वाटलं हेच. पण कागद काढून बघितले तर तिसऱ्या प्रतीवर सावली आणि चौथीवर काहीच नाही. यांचं कालचं बोलणं बरोबर होतं. चार प्रतींशिवाय आमचा एक अर्ज निघत नाही.

"मग आता विकायचं असं राहिलं नाही," सर म्हणाले. "बाकीची पोरांना परीक्षेपर्यंत लागतात."

"सर," ती वेण्यांची मुलगी म्हणाली, "कोपऱ्यातलं द्या की काकूंना. ते लय हलकं झालंय."

"ते कोण घेईल गं? ते भंगारात जायचं."

"का? ठोका चांगला हाय त्याचा."

कोपऱ्यातलं मशीन सरांनी नवशिक्यांसाठी ठेवलं होतं. नवीन मुलं बोटांकडे बघत टायपिंग करतात, ती सवय मोडावी म्हणून त्याच्या सगळ्या बटणांवर काळा रंग लावलेला होता. अक्षर एकही दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं नवशिक्या बोटांनी बडवून बडवून ते सैल झालं होतं. बुटकंही होतं, आमच्या जुन्यासारखं. सर म्हणाले, बटणांची मांडणी तीच, परीक्षेची. पण अक्षरं नसलेलं मशीन विकायचं कुणाला म्हणून त्यांनी ते आम्हाला दाखवलंच नव्हतं.

"तिला बघितल्याशिवाय जमणार नाही," हे म्हणाले. "तिनं क्लास केलेला नाही. मीच सांगितलं तेवढंच."

मलाही तेच वाटत होतं. मी रोज खाली बघूनच करत होते. पण मशीन रजिस्टरांवर येऊन बसलं होतं, त्यात कागद-कार्बन-कागद असं घालून झालं होतं, आणि आता नको म्हणायला परत बोलावं लागलं असतं.

मी बोटं ठेवली. खाली बघितलं तर नुसती काळी गोल बटणं, ओळीने, तुळशीच्या वाळल्या मण्यांसारखी. कुठून सुरुवात करायची ते कळेना. तेवढ्यात हे सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसले. त्या सगळ्या पोरींसमोर, इस्त्रीच्या पँटसकट. घरी पहिल्या दिवशी बसले होते तसेच.

"मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी," ते म्हणाले.

खाली बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. आणि माझी बोटं गेली. कुठे जायचं ते बोटांना ठाऊक होतं. मी कुणाला विचारलं नाही, बोटांनीही मला विचारलं नाही. अर्धं अक्षर आलं, काना आला, पुरं झालं. "अर्जदार खालीलप्रमाणे विनंती अर्ज करतो की," हे सांगत गेले. तो विहिरीचाच अर्ज होता. त्यांना तो पाठ झालेला. ओळ संपली की घंटी वाजायची, मी गाडी परत सारायची, परत त्यांच्याकडे बघायची. सुरुवातीला घरी आम्ही असंच शेजारी बसून काम केलं होतं, पण काम करताना मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. ते सांगताना त्यांच्या भुवया हलतात. एखादं अवघड जोडाक्षर आलं की ते तिथे थोडे थांबतात, माझ्यासाठी. मला ते त्या दिवशी कळलं.

'अर्जदार यांचा हिस्सा' आलं आणि ओलांडून पुढे गेलं.

अर्ज संपला तेव्हा खोलीतली बाकीची मशीनं गप्प होती. मी पदर सारखा केला. सरांनी कागद काढले आणि थेट चौथी प्रत बघितली. मी हात पुढे करून तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. घरी मी तसंच बघते, ठोका पोचला असला तर मागून अक्षर बोटाला लागतं. लागत होतं. सरांनी पहिली प्रत टेबलावर ठेवली, खिशातलं लाल पेन काढलं आणि सवयीने वरपासून खालपर्यंत तपासली. दोन ठिकाणी गोल केले.

"दोनच," ते म्हणाले. "परीक्षेला बसला असता, बाई, तर पास होता."

"तिला परीक्षेला बसवायचं म्हणजे आधी सतरंजी पाठवावी लागंल," हे म्हणाले, आणि मुली हसल्या. मलाही हसू आलं. ती लाल गोलांची प्रत मी मागून घेतली. ती माझ्या पेटीत आहे.

मोठं मशीन सरांनी परत घेतलं. कोपऱ्यातलं भंगाराच्याच भावात दिलं आणि उरलेले पैसे हातावर ठेवले. त्यातून वहिनीसाठी पोलक्याचा खण आणि भावाच्या पोरीला बांगड्या घेतल्या.

परतीच्या एसटीत मशीन पोत्यात बांधून पायाशी ठेवलं होतं. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि पोत्याला पाय लावून म्हणाला, "हा डाग कुणाचा?"

हे म्हणाले, "ह्यांचा," आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर आष्ट्याच्या पुढचा ऊस होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय हाय ह्यात, ताई?"

"टायपिंगचं मशीन."

"शिकताय व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. "करते."

त्याने लगेजचं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.

शेडमध्ये यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण आठ दिवसांनी कुणीतरी खेड्यातली म्हातारी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई अर्ज मारत्यात ते घर हेच का?" शेजारणीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आली, की मग माझा ब्लाउज कुणी शिवला?

आता एक गोष्ट राहिली. ती इथे लिहून ठेवते, कारण ती मी कुणाला सांगितलेली नाही.

मशीन घरी आल्यावर पहिल्याच रविवारी हे पाटासमोर बसले. एका जाड कागदाच्या त्यांनी बटणाएवढ्या गोल गोल चकत्या कापल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने एकेक अक्षर काढलं होतं, आणि डिंकाची बाटली जवळ घेतली होती. मी म्हटलं, "आवं, कशाला? मला नको हाय आता." ते म्हणाले, "सांगलीत जमलं ते जमलं. रोज डोळ्यांना ताण नको." सुजलेल्या बोटांनी ती नखाएवढी चकती उचलायची, डिंक लावायचा, बटणावर नेमकी बसवायची. अर्ध्या वेळा चकती बोटालाच चिकटून यायची. मी करू का म्हटलं तर हात झटकला. चहा दोनदा गार झाला. संध्याकाळी सगळी बटणं पांढरी झाली आणि हे कंबर धरून उठले.

मी दिवा लावायला गेले तेव्हा सहज नजर टाकली. दोन अक्षरं एकमेकांच्या जागी लागली होती.

पीठ आणि तेलाच्या हातांनी पुढे बऱ्याच चकत्या निघून गेल्या. त्या दोन मात्र घट्ट बसल्यात. मला त्यांचं काही अडत नाही, मी खाली बघतच नाही. कधी संध्याकाळी हे दारात उभे राहून ऐकतात आणि म्हणतात, "बघ, अक्षरं लावल्यापासून तुझा हात किती पळतो."

"व्हय," मी म्हणते, आणि पुढची ओळ घेते.